कामांत सुख कां वाटत नाहीं?

आज आम्ही आपणापुढें असा विषय मांडीत आहों कीं, जो बाजारभाव, कर्ज आणि पाऊसपाणी यांच्या गलबल्यांत सहसा कोणी काढीत नाहीं. तो विषय म्हणजे आपल्या रोजच्या कामांतलें सुख. शेतकऱ्याचा व कारागिराचा सारा जन्म कामांत जातो. तें काम जर नुसतें ओझें म्हणून ओढावयाचें असेल, तर जन्मच ओझ्याखालीं गेला म्हणावयाचा. "पोटाला मिळालें म्हणजे झालें, सुखाचें काय घेऊन बसलांत?" असें कोणी म्हणेल. आमचें म्हणणें असें कीं, पोट आणि सुख हीं दोन निरनिराळीं खातीं नाहींत. एक बुडालें कीं दुसरेंही बुडूं लागतें.

आम्ही खेड्यांतल्या शाळेंत मुलें शिकवितों. "मोठेपणीं कोण होणार?" हा प्रश्न दरवर्षीं वर्गांत निघतोच. पोलीस, मिलिटरी, डॉक्टर, कलेक्टर, हल्लीं मोबाईलवर व्हिडिओ करणारा, अशीं उत्तरें येतात. वर्ग सारा शेतकऱ्यांच्या मुलांचा, पण 'मी शेती करणार' म्हणून हात वर करणारा क्वचितच निघतो. सुताराच्या, कुंभाराच्या मुलाचा हात तर वर येतच नाहीं. मुलें हें कोठून शिकलीं? पुस्तकांत तर शेतकरी जगाचा पोशिंदा म्हणून छापलेला असतो. पण मुलें पुस्तक वाचतात घटकाभर आणि घर वाचतात दिवसभर. घरीं बाप पाभर टेकवून म्हणतो, "या धंद्याला आग लागो." आई खुरपें ठेवून म्हणते, "माझं झालं ते झालं, लेक काही शेतकऱ्याच्या घरात द्यायची न्हाई." दाखला न्यावयास आलेला बाप आम्हांस सांगतो, "गुरुजी, पोराला कायबी करा, शिपाई करा, पण मातीत घालू नका."

त्या बापाला आम्ही दोष देत नाहीं. २०२३ सालच्या फेब्रुवारींत बार्शी तालुक्यांतील एका शेतकऱ्यानें ५१२ किलो कांदा सोलापूरच्या बाजारांत विकला. किलोला १ रुपया भाव लागला. गाडीभाडें, हमाली, तोलाई वजा जातां त्याच्या नांवें २ रुपये ४९ पैसे उरले, आणि हातीं चेक आला तो २ रुपयांचा. रोप टाकण्यापासून काढणीपर्यंत साऱ्या घरानें केलेल्या कष्टाची ही पावती! अशा माणसापुढें जाऊन 'बाबा रे, कामांत आनंद मान' असें सांगणें म्हणजे जखमेवर मीठ चोळणेंच होय.

परंतु 'सारींच पोरें नोकरींत घाला' हा उपायही चालण्यासारखा नाहीं. २०२४ सालीं महाराष्ट्रांत पोलीस शिपाई वगैरेंच्या १७,४७१ जागांसाठीं १७ लाखांहून अधिक अर्ज आले. म्हणजे शंभर पोरें मैदानावर धांवलीं, तेव्हां एकाच्या अंगावर वर्दी चढली. उरलेलीं नव्याण्णव कोठें गेलीं? बरींचशीं पुन्हां त्याच वावरांत, त्याच भात्यापाशीं, पण मनांत हार घेऊन आलीं. आपल्या कामाची लाज वाटणारा माणूस तें काम उरकून टाकतो. उरकलेलें काम वाईट होतें. आणि वाईट काम पाहून त्याची लाज आणखी वाढते. या फेऱ्यांतून त्याला काढावयाचें कसें, हा आजचा प्रश्न आहे. तो आपल्या घराचा आहे, कारण त्या नव्याण्णवांत आपलींच मुलें आहेत.

या प्रश्नाचें एक जुनें उत्तर तयार असतें. 'समाधान मानावें, नशिबीं असेल तें गोड करून घ्यावें,' असें तें उत्तर. तें देणारे बहुधा स्वतः सावलींत बसलेले असतात. ते साधुसंतांची साक्षही काढतात. अरणचे सावता माळी मळ्यांत राबले, तेरचे गोरा कुंभार माती तुडवीत राहिले, हें खरें आहे. पण कामाला देवपूजेचा मान देणें ही एक गोष्ट, आणि कामकऱ्याला अर्धपोटीं गप्प बसविणें ही दुसरी गोष्ट. पहिली संतांनीं केली. तिच्या आडून दुसरी करणारे पुष्कळ निघाले. उपदेशानें कोणाचें काम गोड झालेलें आम्ही पाहिलें नाहीं.

मग काम म्हणजे केवळ पैसा, तो मिळाला कीं काम नसलें तरी चालेल, असें समजावयाचें काय? तसेंही नाहीं. ऑस्ट्रिया देशांत व्हिएन्ना शहराजवळ मारियेंटाल नांवाचें गिरणीगांव आहे. १९२९-३० च्या मंदींत तेथील गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सारें गांव बेकार झालें. मारी याहोडा नांवाच्या तरुण विदुषीनें आपल्या सोबत्यांसह त्या गांवाची बारकाईनें पाहणी केली व १९३३ सालीं तिचें पुस्तक छापलें. बेकारांना सरकारचा थोडा भत्ता कांहीं काळ मिळत होता. वेळ तर हवा तितका होता. वाचावें, खेळावें, सभांना जावें, कोणाची ना नव्हती. पण झालें उलटेंच. गांवच्या वाचनालयांतून पुस्तकें नेण्याचें प्रमाण जवळजवळ निम्म्यानें घटलें. पुरुष रस्त्यानें चालत ते रेंगाळत. दिवसभर काय केलें असें विचारलें तर त्यांना सांगतां येईना. घरचें काम हातीं असलेल्या बायकांचा दिवस मात्र ठिकाणावर होता. तात्पर्य, काम माणसाला मजुरीखेरीज आणखी कांहीं देतें. दिवसाला आकार देतें, चार माणसांत जागा देतें, आपण कोणाच्या उपयोगी आहों असा विश्वास देतें. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणीसंपानंतर सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडे कायमचे परत आलेले कामगार ज्यांनीं पारावर बसलेले पाहिले, त्यांना हें निराळें सांगावयास नको.

म्हणून मूळ प्रश्न हा कीं, काम तेंच असतां तें एकदां गोड कां लागतें आणि एकदां कडू कां? दोन उदाहरणें शेजारीं शेजारीं ठेवून पाहूं. पूर्वीं आपल्या बापजाद्यांकडून वेठ घेतली जाई. अंमलदार आला कीं त्याचें सामान वाहा, वाटा नीट करा, आणि हें सारें बिनमोल. शाहू महाराजांनीं १९२० च्या सुमारास आपल्या संस्थानांत ती हुकुमानें बंद केली, यावरून तिचा जाच केवढा असेल हें समजतें. आतां दुसरें उदाहरण. २०१६ सालीं पानी फाउंडेशननें वरूड, आंबेजोगाई व कोरेगांव या तीन तालुक्यांत पाणी अडविण्याची गांवागांवांची चढाओढ लावली. ऐन वैशाखांत माणसें, बायका, पोरें डोंगरउतारावर चर खणावयास गेलीं. मजुरी नव्हती, ऊन डोकें फोडीत होतें, तरी लोक हंसत होते. कोरेगांव तालुक्यांतल्या वेळू गांवाचा त्यांत पहिला नंबर आला.

कुदळ तीच, फावडें तेंच, मजुरी दोहींकडे नाहीं. मग एकीकडे शाप आणि दुसरीकडे उत्सव, हें कसें? वेठीचें फळ दुसऱ्याच्या घरांत गेलें; चरांतलें पाणी आपल्या विहिरींत उतरणार होतें. वेठींत अक्कल चालवावयाची मनाई. येथें चर कोठें व किती खोल घ्यावा याचें शिक्षण आधीं मिळालें आणि गांवानें स्वतः ठरवून काम काढलें. वेठीला एकट्याला धरून नेत. येथें सारी गल्ली बरोबर होती. वेठ करणाऱ्याचें नांव कोणी घेत नसे. येथें गांवाचें नांव महाराष्ट्रभर झालें. आम्ही हें फुकट काम चांगलें म्हणून सांगत नाहीं. कष्टाला मोल हें पाहिजेच. पण फळ, अक्कल, सोबत आणि मान हे ते चार पाय आहेत, ज्यांवर कामांतलें सुख उभें राहतें. यांपैकीं जो पाय मोडला असेल, त्याचीच दुरुस्ती करावी लागते. आतां एकेक घेऊं.

पहिलें फळ. तें पदरांत पडतें कीं नाहीं, हें कळावयास आधीं हिशेब पाहिजे. आपल्यांत बियाणें, खत, औषध, ट्रॅक्टर यांचा खर्च तोंडपाठ असतो. पण घरच्या चार माणसांनीं चार महिने केलेलें काम कोणी मांडीत नाहीं. सुतार लांकडाचे व खिळ्यांचे पैसे सांगतो आणि स्वतःचे दोन दिवस विसरतो. केंद्र सरकारचा कृषिमूल्य आयोगसुद्धां पिकाचा खर्च मोजतांना घरच्या माणसांची मजुरी धरतो. मग आपण आपल्याच घरांत ती कां धरूं नये? शंभर पानी वही घ्यावी. कोणी किती दिवस कोणतें काम केलें तें रोज रात्रीं लिहावें. लिहावयाचें काम शाळेंत जाणाऱ्या मुलाकडे द्यावें. त्याचें गणितही सुधारेल आणि बापाच्या कष्टाची किंमतही त्याला कळेल. हिशेबानें भाव वाढत नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. पण कोणतें पीक आपल्याला खातें आणि कोणतें पोसतें हें त्यावरून उघड होतें. आणि आंधळेपणानें सोसलेल्या नुकसानींत जी चडफड असते, ती कमी होते.

हिशेबाच्या पुढची पायरी एकीची. १५ मार्च १९५९ रोजीं मुंबईच्या गिरगांवांत सात बायकांनीं ८० रुपये उसने घेऊन इमारतीच्या गच्चीवर पापड लाटावयास आरंभ केला. त्याच लिज्जत पापडाच्या संस्थेंत आज हजारों बायका आहेत. पापड लाटण्यासारखें तेंच तेंच काम दुसरें कोणतें असेल? पण तेथें लाटणारी बाई नोकरीण नसून भागीदार भगिनी आहे, आणि फायद्यांत तिचा वांटा आहे. लाटणें तेंच असलें तरी मालकीण म्हणून लाटतांना हात निराळा चालतो. प्रवरेच्या कांठीं लोणी येथें विठ्ठलराव विखे पाटलांनीं शेतकऱ्यांना जमवून सहकारी साखर कारखाना उभा केला, तोही याच विचारानें कीं, उसाचा रस काढणाराही ऊस लावणाराच असावा. पुढें कित्येक सहकारी संस्था थोड्या घरांच्या झाल्या, हें आम्ही विसरत नाहीं. पण विहीर आटली म्हणून पाणी पिणें कोणी सोडीत नाहीं; ती उपसावी लागते. सभासदानें वार्षिक सभेला जाऊन ताळेबंद विचारणें, हाच तो उपसा.

दुसरी अक्कल. जेथें माणसाला आपली बुद्धि चालवितां येते, तेथें त्याचा दिवस कसा गेला तें त्यालाच कळत नाहीं. लोहार विळ्याला पाणी देतो तेव्हां त्याच्या डोळ्यांतली एकाग्रता पाहावी. पात्याचा रंग पाहून तो नेमक्या क्षणीं तें पाण्यांत घालतो. तेवढ्या क्षणापुरता तो कोणाचा नोकर नसतो. जोतीराव फुल्यांनीं १८८३ सालीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यांत नुसतें रडगाणें नाहीं. शेतकऱ्यांच्या मुलांना विद्येबरोबर लोहारकी-सुतारकी शिकवावी, नांगरपाभरीच्या परीक्षा घ्याव्या, उत्तम पीक काढणाऱ्यास बक्षिसें द्यावीं, परदेशांतल्या शेतकीशाळा पाहावयास मुलें पाठवावीं, असे उपाय त्यांनीं सुचविले. म्हणजे नांगर धरणाऱ्यालाही परीक्षा आणि बक्षीस असावें हा विचार शंभरांहून अधिक वर्षांचा आहे. त्याप्रमाणें प्रत्येक घरानें वर्षाला एक तरी नवी गोष्ट शिकावी. माती तपासून घेणें असो, बीज निवडणें असो, कलम बांधणें असो कीं यंत्राची दुरुस्ती असो. दुकानदारानें दिलेली बाटली मुकाट्यानें फवारणारा शेतकरी स्वतःच्या शेतांत परक्याचा मजूर होतो. बाटलींत काय आहे, किती घ्यावयाचें, कां घ्यावयाचें, हें विचारणारा मालक राहतो.

आमच्या धंद्यांतही हेंच आहे. एखादें पोर पहिल्यांदा अक्षराला अक्षर जोडून वाक्य वाचतें, तेव्हां जो आनंद होतो त्याला पगाराच्या कागदावर रकाना नाहीं. पण फळ्याजवळून उठवून शिक्षकाला याद्या भरावयास, फोटो चढवावयास, अहवाल पाठवावयास बसविलें म्हणजे त्याचा जीव कामांतून उडतो. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणूक एवढीं कामें सोडून शिक्षकाला शाळेबाहेरच्या कामास लावूं नये असें ठरविलें आहे. कायदा करणाऱ्यांना ही गोष्ट कळली होती कीं, ज्याचें जें काम तें त्याला मनासारखें करूं द्यावें. शिक्षकाला जें लागू, तें शेतकऱ्याला आणि चांभारालाही लागूच आहे.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. धंद्यांत सुख मानावें याचा अर्थ बापाचा धंदा मुलानें सोडूं नये असा कोणी करूं नये. १९३६ सालीं डॉ. आंबेडकरांनीं लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठीं भाषण लिहिलें. मंडळानें सभाच रद्द केली, म्हणून त्यांनीं तें स्वतः छापून प्रसिद्ध केलें. जातीमुळें कामाची नव्हे, तर काम करणाऱ्या माणसांचीच वांटणी झाली. धंदा आवडीनें वा अंगच्या गुणानें न ठरतां जन्मानें डोक्यावर बसला. आणि लादलेल्या, हीन मानलेल्या कामांत माणसाचें मन लागत नाहीं, असा त्यांचा मुद्दा होता. तो आजही खरा आहे. दार उघडें असतांना जो घरांत बसतो तोच सुखानें बसतो. कोंडलेल्याला सुख कसलें? म्हणून कुंभाराच्या मुलीला इंजिनियर व्हावयाचें असेल तर तिला आशीर्वाद द्यावा, आणि मास्तरच्या मुलाला चाक फिरवावयाचें असेल तर त्याला हंसूं नये.

तिसरी सोबत. आपल्या जुन्या चालींत इर्जिक होती. एकाच्या शेतांत गांवची औतें जमत, नांगरट होई आणि संध्याकाळीं जेवण. सावड होती, आज आम्ही तुमच्याकडे, उद्यां तुम्ही आमच्याकडे. खळ्यावर भलरी म्हणत, जात्यावर ओव्या म्हणत. आम्ही जुन्याचे भाट नाहीं. पहांटेचें दळण गेलें तें फार चांगलें झालें. त्या जात्यानें बायकांच्या छातीचा भाता केला होता. ट्रॅक्टर आला, बैलाचे व माणसाचे हाल वांचले, तेंही चांगलेंच. पण जातें जातांना ओवी घेऊन गेलें आणि ट्रॅक्टर येतांना शेजारी दूर सारून आला, ही भरपाई अजून कोणी केलेली नाहीं. आज माणूस एकटाच फवारतो, एकटाच मोटार चालू करावयास रात्रीं बाराला जातो, आणि एकटाच कर्जाचा आंकडा मनांत घोळवितो. अशा एकटेपणानें कित्येक घरांचीं दिवेलागण विझली. दहा घरांनीं मिळून बियाणें आणावें, फवारणीला दोघां-तिघांनीं जोडीनें जावें, आठवड्यांतून एक दिवस सावडीचा ठेवावा. पैसा वांचेल तो वांचेल. मनावरचें ओझें नक्कीच उतरेल. दुःख सांगावयास बांधावर कोणी असणें, हीसुद्धां एक मजुरीच आहे.

चौथा मान. २०२५ च्या जूनमध्यें इटलीतील मिलान शहरीं प्राडा नांवाच्या बड्या कंपनीनें आपल्या फॅशनच्या देखाव्यांत हुबेहूब कोल्हापुरीसारख्या चपला दाखविल्या, पण कोल्हापूरचें नांव कोठें घेतलें नाहीं. इकडे ओरड झाली, तेव्हां मूळ प्रेरणा भारतीय कारागिरीची आहे असें कंपनीनें कबूल केलें. कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालें आहे. महाराष्ट्रांतले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकांतले चार जिल्हे त्यांत येतात. पाहा, ज्या कारागिराच्या हाताला आपलाच गांव कमी लेखत होता, त्याचें काम मिलानच्या दिव्यांखालीं गेलें. काम कधींच हलकें नव्हतें. आपण करणाऱ्याला हलका मानीत होतों. ही चूक दुरुस्त करावयास इटली लागत नाहीं. कारागिरानें आपल्या वस्तूवर नांव किंवा खूण घालावी. गांवच्या जत्रेंत कुस्त्यांचीं बक्षिसें देतात, तशीं उत्तम विळा, उत्तम मडकें, उत्तम कणसें यांनाही द्यावीं.

मानाचा प्रश्न किती खोल गेला आहे याची खूण २०२२ च्या डिसेंबरांत सोलापुरांत दिसली. लग्न जमत नाहीं म्हणून मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून तरुणांनीं कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेला. लोक हंसले. आम्हांस हंसूं आलें नाहीं. मुलींची संख्या घटविणारा समाजही त्याला कारण आहे, आणि शेतकऱ्याच्या घरांत बाईच्या कामाला मोल नाहीं हें मुलींनीं पाहिलें आहे, हेंही कारण आहे. पहांटेपासून रात्रीपर्यंत राबणारी ती, आणि 'काय करतेस?' म्हणून विचारलें तर 'कांहीं नाहीं, घरींच असतें' असें म्हणावयाचें! १९८६ सालीं चांदवड येथें शेतकरी संघटनेचें महिलांचें मोठें अधिवेशन झालें. त्यानंतर लक्ष्मीमुक्तीची मोहीम निघून पुष्कळ शेतकऱ्यांनीं जमिनीचा कांहीं भाग बायकोच्या नांवें करून दिला. हें ज्या घरीं झालें नसेल, त्यांनीं आतां करावें. सात-बाऱ्यावर नांव, हिशेबाच्या वहींत नांव आणि पीक विकलें त्या दिवशीं हातांत तिचा वांटा. मग ती लेकीला काय सांगते तें पाहावें.

या चारांना लागूनच विसांव्याची गोष्ट आहे. थकलेल्या जिवाला कोणतेंच काम गोड लागत नाहीं. सत्यशोधक समाजाचे नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालापासून मुंबईच्या गिरणीकामगारांना जमवून सभा घेतल्या, अर्ज केले आणि १० जून १८९० रोजीं मालकांकडून आठवड्याची सुट्टी मान्य करून घेतली. आज जो रविवार नोकरदार भोगतो, त्याच्यामागें हे कष्ट आहेत. शेतीला रविवार नाहीं, गाईची धार कोणासाठीं थांबत नाहीं, हें खरें. पण बैलालाही पोळ्याचा दिवस आहे. आदल्या दिवशीं त्याचे खांदे शेकतात, लोणी लावतात. ज्या बाईनें त्याच्या शिंगांना रंग दिला, तिचे खांदे कोणी पाहिले काय? घरांतल्या प्रत्येक कामकऱ्याला आठवड्यांतून निदान अर्धा दिवस मोकळा मिळेल अशी पाळी लावावी, आणि त्या दिवशीं पुरुषानें चूल सांभाळली तर त्याची मिशी खालीं येणार नाहीं.

कोणी म्हणेल, "मास्तर, हें सारें ठीक, पण भाव सरकारच्या आणि व्यापाऱ्याच्या हातीं, पाऊस आभाळाच्या हातीं. आमच्या हातीं काय?" रास्त प्रश्न आहे. भावासाठीं भांडलेंच पाहिजे, आणि २ रुपयांचा चेक देणारा बाजार जोंवर तसाच आहे तोंवर गप्प बसतां कामा नये. परंतु जो आपल्या कामाला स्वतःच हलकें म्हणतो, तो त्याच्या भावासाठीं ताठ मानेनें भांडूं शकत नाहीं. आधीं आपण आपल्या कष्टाचें मोल वहींत मांडावें, मग तें दुसऱ्याकडे मागावें. कामांतलें सुख म्हणजे लढा सोडून देण्याची गोळी नव्हे. लढावयास उभें राहण्याचें बळ आहे.

तरी वाचकांस आमची विनंती अशी आहे. येत्या हंगामापासून घरांत हिशेबाची वही घालावी आणि तींत घरच्या बायकांच्या कामाचें पान पहिलें ठेवावें. शेजारच्या चार घरांशीं सावड जोडावी. वर्षाला एक नवी विद्या शिकावी. मुलांना सुट्टींत शेतावर वा कारखान्यावर न्यावें तें शिक्षा म्हणून नव्हे, तर आपल्या हातांतली कला दाखवावयास न्यावें. विळ्याला पाणी कसें देतात, पाभरीनें सरळ ओळ कशी धरतात, तें त्यांना समजावून सांगावें. त्यांनीं पुढें काय व्हावें तें त्यांचें तीं ठरवितील. पण मुलांच्या देखत आपल्या धंद्याला आग लावण्याची भाषा आजपासून बंद करावी. बापानें आपल्या कामाला शिवी दिली म्हणजे पोराला वाटतें, ती शिवी आपल्यालाच आहे. आणि तें शाळेंत मान खालीं घालून बसतें. तशी मान खालीं घातलेलीं मुलें आमच्या समोर रोज बसतात. त्यांच्यासाठीं एवढें आपण कराल, अशी आमची खात्री आहे.